रस्सा उकळला म्हणून तपासणी नको?

कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचा आशय असा: तांबड्या रश्श्यात जंतू जगतच नाहीत, मिरची आणि उकळी हीच आमची तपासणी. गर्दीच्या हॉटेलात काही शिळं राहत नाही. अन्न-औषधवाले येतात ते फक्त हॉटेलवाल्याला छळायला.

आधी उकळीचं बघू. बहुतेक जंतू उकळीत मरतात, हे खरं. पण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपं, उकळूनही टिकतात आणि मटणाचं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, त्यांना फार मानवतं. दुपारी मोठ्या पातेल्यात काढलेलं अळणी झाकून तसंच कट्ट्यावर राहिलं, की मधला भाग तासन्‌तास कोमट असतो. पंचेचाळीस अंशांच्या आसपास हे जिवाणू दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. संध्याकाळी त्याच अळणीचा पांढरा रस्सा होतो. नारळाचं दूध घातल्यावर पांढऱ्याला खळखळून उकळी देत नाहीत, तो फुटतो, हे इथल्या घराघरांत माहीत आहे. त्यात लाल तिखटही नसतं. मग मिरची आणि उकळी, दोन्ही राखणदार गेले कुठे?

तांबड्यालाही तिखटाने संरक्षण मिळत नाही. जिभेला चटका बसण्याइतक्या मिरचीने जंतू मरत नाहीत. आचाऱ्याच्या बोटावर पिकलेली जखम असेल, तर त्यातला स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू अन्नात जे विष सोडतो ते पुन्हा उकळूनही जात नाही. मिसळीवरचा कांदा तर कच्चाच असतो. तो कुठल्या पाण्यात धुतला, हे कट कितीही झणझणीत असला तरी कळणार नाही.

उपाय साधा आहे. अळणी पसरट भांड्यांत ओतून लवकर गार करायचं आणि 5 अंशांखाली ठेवायचं, नाहीतर 60 च्या वर गरम राखायचं. अधिकारी थर्मामीटर लावतो तो यासाठी. पाण्याचा तपासणी अहवाल आणि कामगारांचे वैद्यकीय दाखले मागतो तेही यासाठीच.

गर्दीचं म्हणाल, तर सुट्टीच्या दिवशी अंबाबाईला आलेले भाविक जेवायला बसले की ताटं भराभर उठतात, पण कढई दिवसभर उतरत नाही. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ध्रुवीय घटक नावाचे खराब पदार्थ तयार होतात; त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलं, तर ते वापरता येत नाही. 2018 पासून हा नियम आहे. गर्दी जितकी जास्त, तितकं हे तपासायला हवं.

छळाची तक्रार मात्र मी उडवून लावणार नाही. पैसे मागणारा अधिकारी असेल तर त्याच्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात हॉटेलवाल्यालाही आधार आहे. सुधारणा नोटीस दिली तर किमान 14 दिवसांची मुदत द्यावी लागते, परवाना निलंबित करण्याची वेळ त्यानंतरची. नमुन्याची किंमत अधिकाऱ्याने मोजायची असते. विनाकारण त्रास देण्यासाठी माल जप्त केला, तर त्यालाच एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

आणि सगळं अधिकाऱ्यावरच सोडायचं कारण नाही. बिलावर 14 अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक बघा. याच कायद्याच्या कलम 40 प्रमाणे, विकत घेताना हॉटेलवाल्याला तसं सांगून, फी भरून कुणीही ग्राहक अन्न तपासून घेऊ शकतो. दोष निघाला तर फी परत मिळते.