प्रश्न हॅचबॅकचा नाही, आयातीचा आहे

बाजारात येताना ५३ लाख किंमत असलेली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय ही हॅचबॅक घेणं वेडेपणा, हे लेखातलं मत अर्धंच पटलं. गोल्फ जीटीआय २०२५ मध्ये इथे आली ती जर्मनीतून तयार होऊन, म्हणजे सीमाशुल्क किमतीतच. वर आयात गाडीचा जबर रोड टॅक्स. पण २६५ पीएस (इंजिनाच्या ताकदीचं माप) आणि पुढच्या चाकांना लॉकिंग डिफरन्शियल, म्हणजे पकड असलेल्या चाकाकडे जास्त जोर पाठवणारी यंत्रणा! वळणातून निघताना अॅक्सिलरेटरवर पाय दाबला तरी नाक बाहेर पळत नाही. ह्युंदाईच्या आय२० एन लाइन हॅचबॅकच्या १२० पीएसमध्ये ही मजा कुठून आणणार? तरी फोक्सवॅगनच्याच जुन्या पोलो जीटीवाल्यांनी लगेच गाडी विकायला काढू नये. आधी चांगले टायर टाकून बघा. आणि हो, तेच इंजिन स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये ५० लाखांच्या आत होतं, डिकी ६०० लिटरची. आल्या मात्र १००च.