त्या फोटोतलं ‘दुसरं गिधाड’

दर दोन-चार महिन्यांनी व्हॉट्सॲपवर तो फोटो फिरून येतोच. जमिनीला डोकं टेकवून बसलेलं उपाशी मूल आणि मागे टपलेलं गिधाड. खालचा मजकूरही ठरलेला: दक्षिण आफ्रिकेचा छायापत्रकार केविन कार्टर याने फोटो काढला, मुलीला तिथेच मरू दिलं, पत्रकारितेतला मानाचा पुलित्झर पुरस्कार पटकावला. मग फोनवर कुणीतरी सुनावलं, ‘तिथे दोन गिधाडं होती, एकाच्या हातात कॅमेरा होता.’ ते जिव्हारी लागून त्याने जीव दिला.

‘मुलगी मेली.’ मुळात ती मुलगी नव्हतीच. फोटो मार्च १९९३चा, आजच्या दक्षिण सुदानमधल्या आयोडचा. २०११मध्ये एका स्पॅनिश दैनिकाने त्या मुलाच्या वडिलांना शोधून काढलं. तो मुलगा होता, त्या दुष्काळातून जगला आणि बऱ्याच वर्षांनी तापाने गेला. फोटो जरा मोठा करून उजवं मनगट पाहा. पट्टा दिसतो ना? मूल संयुक्त राष्ट्रांच्या अन्नकेंद्राच्या नोंदीत होतं, बेवारस नव्हतं.

‘तसंच सोडून गेला.’ हे अर्धं खरं. त्याने मुलाला उचललं नाही आणि ते मलाही खुपतं. पण गिधाड त्यानेच हाकललं. साथीच्या भीतीने कुणाला हात लावू नका, अशी पत्रकारांना ताकीद होती. फोटो छापणाऱ्या न्यूयॉर्क टाइम्सने तर चार दिवसांत खुलासा छापला: गिधाड गेल्यावर मूल पुन्हा चालू लागलं, केंद्रापर्यंत पोचलं का, ते माहीत नाही. ‘मेलं’ हे पुढच्यांनी जोडलं.

फोनचा किस्सा? कुणाचा फोन, कधी, कुठे, काहीच दिलेलं नसतं. फोटोग्राफरला गिधाड म्हणणारी टीका मात्र खरी आहे. ती फ्लोरिडातल्या एका वृत्तपत्रात छापून आली होती. छापील टीकेपेक्षा फोनवरचा टोमणा जास्त फॉरवर्ड होतो, एवढंच.

आता आत्महत्या. त्या अपराधी भावनेने त्याला छळलंच नसेल, असं मी म्हणणार नाही. पण फक्त तेवढंच धरायचं तर १९९४ साल पुसून टाकावं लागेल. वर्णभेदाच्या शेवटच्या वर्षांत जोहान्सबर्गभोवतीच्या वस्त्यांमध्ये तो रोज मुडदे टिपत होता. गळ्यात पेटता टायर घालून माणूस जाळतात, तेही त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं होतं. नशेचं व्यसन होतंच. १२ एप्रिलला पुलित्झर जाहीर झालं आणि १८ एप्रिलला जोहान्सबर्गजवळच्या थोकोझा वस्तीत गोळीबारात त्याचा जिवलग मित्र, फोटोग्राफर केन ऊस्टरब्रुक मारला गेला. ती गोळी मला लागायला हवी होती, असं तो मित्रांना सांगायचा. पुढे मोझांबिकच्या कामगिरीवरून परतताना काढलेले रोल तो विमानातच विसरला; ते सापडले नाहीत. २७ जुलैला त्याने आयुष्य संपवलं. वय ३३.

त्याच्या चिठ्ठीत घरभाड्याला, स्वतःच्या मुलीच्या पोटगीला, देणी फेडायला पैसे नाहीत, असं आहे. फोन नसल्याचं आहे. डोळ्यांसमोरून न हलणारी प्रेतं आहेत, जखमी नि उपाशी मुलंही आहेत. आणि नशीब असेल तर केनकडे चाललोय, असं आहे.