परफ्युमने वास जात नाही, दोन वास होतात

चतुर्थी जवळ आली की आपल्या गोव्यात पावसात बंद पडून राहिलेल्या गाड्यांची दारं उघडतात. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या फळा-पानांच्या चौकटीचं सामान आणायचं, मूळ घरी जायचं, आणि दार उघडताच आतून कुबट भपकारा! मग कोणी डॅशबोर्डवर मोगऱ्याची बाटली चिकटवतो, तर कोणी ‘लेदर कंडिशनिंग’ करून घ्यायला पळतो. सीट चकाकते. वास मात्र जिथल्या तिथे.

कंडिशनर हे वासावरचं औषध नाहीच, आणि ते तसं विकलं जातं याचा मला राग आहे. त्याचं काम चामडं कोरडं पडू न देणं, एवढंच. त्यातही आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ‘लेदर’ म्हणून येतं ते लेदरेट, म्हणजे रेक्झिनचाच चुलतभाऊ. प्लास्टिकला कसलं पोषण देणार? पुसलं की झालं. खरं लेदर असलं तरी पुष्कळदा ते फक्त बसायच्या जागेपुरतं असतं. कडा आणि पाठ रेक्झिनची.

वास येतो तो ओलीमुळे. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत 80-90 टक्के आर्द्रता असते आणि बुरशीला साधारण 70 टक्के पुरते. खायला तिला सीटवरचा घाम आणि धूळ असतेच. त्यात भोकाभोकांच्या सीट असल्या तर पाणी थेट खालच्या फोममध्ये जातं. म्हणून अशा सीटवर काहीही ओतायचं नाही, फडकं नुसतं दमट हवं.

आधी गाडी वाळवा. ऊन मिळत नसेल तर काचा लावून एसी चालू ठेवा आणि तापमानाचं बटण गरमकडे फिरवा. एसी ओल ओढून घेतो, गरम हवा वाळवते. हे बंद शेडमध्ये नको, उघड्यावर. ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं कार्पेट हाताने दाबून बघा. ओलं लागलं तर एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली असू शकते, आणि तसं असेल तर सीटवर कितीही पैसे घाला, उपयोग शून्य. केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, तीही काढून बघा. काळी पडली असेल तर बदला.

मग सफाई. पांढरी-हिरवी बुरशी शक्यतो गाडीबाहेर झटका, नाहीतर तीच आतभर पसरते. शिवणींमध्ये मऊ ब्रश, त्यानंतर लेदरचा सौम्य क्लीनर आणि मायक्रोफायबर. कपड्यांचा साबण किंवा खायचा सोडा खऱ्या लेदरवर नको. चामडं मुळात आम्लधर्मी असतं, हे दोन्ही त्याच्या उलट. आणि खोबरेल तेल तर अजिबात नको! हा आमच्या लोकांचा लाडका उपाय. धूळ धरतं आणि पुढे खवट होतं. सीट पूर्ण सुकल्यावर कंडिशनरचा पातळ हात द्या, उरलेलं पुसून घ्या.

आता मासळीचं. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायची सुकी मासळी डिकीतून येते, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते ना! मासळीचं पाणी गळलेलं असेल तर त्यातला वास अमाइन नावाच्या रसायनांचा, म्हणजे अल्कधर्मी. आंबटाने तो मरतो, जसा आपण बांगड्याला लिंबू किंवा सोलं (आमसुलं) लावतो तसा. पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून डिकीच्या प्लास्टिकवर फिरवा. सीटवर फिरवायचं तर आधी एका न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा.

डिचोली-साखळीकडे कोणी नुसतं कार्पेट काढून नीट वाळवून देतं का, वर कंडिशनिंगचं पॅकेज गळ्यात न मारता? माहीत असेल तर खाली लिहा. चतुर्थीच्या आत करून घ्यायचं आहे.