दोन व्हर्च्युअल ट्रंक म्हणजे बॅकअप नव्हे

“मामा, एवढं पाठ केलं की झालं ना?” म्हणत भाच्याने व्हायव्हाच्या आदल्या रात्री नोट्सचा फोटो पाठवला. सगळ्या वर्गात फिरतायत म्हणे. विषय एटीएम नेटवर्क: पैशांचं मशीन नव्हे, डेटा ठरावीक आकाराच्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे सेलमध्ये, पाठवण्याचं तंत्र. त्यात लिहिलंय: एटीएम स्विचच्या एका पोर्टवर हव्या तेवढ्या व्हर्च्युअल ट्रंक, म्हणजे दोन स्विचमधल्या आभासी लाइनी, काढा, प्रत्येकीला पूर्ण बँडविड्थ मिळते, लीज्ड लाइनचा (भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र लाइनचा) खर्च वाचतो, आणि एक पडली तर दुसरी आहेच, म्हणजे बॅकअप आपोआप.

आधी या बॅकअपचं बघू, कारण त्यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. आमच्या दोन ठिकाणांमध्ये दोन व्हर्च्युअल ट्रंक होत्या. नकाशावर दोन सुबक रेघा, पण दोन्ही एकाच पोर्टातून, एकाच फायबरवर. रस्त्यात जेसीबी घुसला आणि दोन्ही एकदमच लाल. अहो, व्हर्च्युअल ट्रंक म्हणजे पुरवठादाराच्या एटीएम नेटवर्कमधून जाणारा व्हर्च्युअल पाथ. आपले दोन टोकांचे स्विच त्याला स्वतःची लाइन समजतात, इतकंच. बॅकअप हवा तर पोर्ट वेगळा, फायबर वेगळी, आणि पुरवठादाराच्या आतले मार्गही वेगळे आहेत ना, हे त्याच्याकडून लिहून घ्यायचं.

पूर्ण बँडविड्थ? १५५ एमबीपीएसच्या पोर्टातून सेकंदाला साडेतीन लाखांवर सेल निघतात. करार सेकंदाला १०,००० सेलचा असला, तर पुरवठादार वेशीवरच मोजतो. जास्तीचे सेल तिथेच टाकतो, नाहीतर त्यांच्यावर शिक्का मारतो की गर्दी झाली तर आधी यांना फेका. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) आय.३७१ शिफारशीत हे सगळं आहे. नोट्स लिहिणाऱ्याने ती नुसती चाळली असती तरी पुरे होतं. त्यातून १,५०० बाइटचं पॅकेट एएएल-५ मध्ये (पॅकेटचे सेल पाडायची पद्धत) ३२ सेलचं होतं. एक गळाला की अख्खं पॅकेट वाया, उरलेले ३१ नुसती हमाली. म्हणून शेपिंग, म्हणजे सेल ठरलेल्या वेगानेच सोडणं, आपल्याच टोकाला लावायचं, कराराच्या आकड्यावर.

“हव्या तेवढ्या” हेही थापच. ग्राहकाच्या बाजूला व्हीपीआय, म्हणजे सेलवरचा व्हर्च्युअल पाथचा नंबर, ८ बिटांचा, म्हणजे फार तर २५६. कार्डाची मर्यादा सहसा त्याहून खाली.

खर्चाचं मात्र खरं आहे, नाइलाजाने मान्य. पाच शहरांना पाच लीज्ड लाइन आणि पाच पोर्ट घेण्यापेक्षा एका पोर्टातून पाच ट्रंक काढणं स्वस्त पडायचं. हे प्रकरण निघालंच त्यासाठी.