शांत म्हातारी कुणाला हवी असते?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. ज्यांना घाई आहे त्यांनी लाइक ठोकून पुढे सरका, मला राग नाही. आजचा सगळा राग एकाच माणसावर खर्च करायचाय.

आमच्या वाचनकट्ट्यावर आज ऑल्डस हक्सलेची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' होती. 1932 ची कादंबरी. माणसं बाटल्यांत वाढवायची, झोपेत त्यांच्या कानाशी तीच तीच वाक्यं वाजवून मतं पढवायची, आणि मोठेपणी जराही खट्टू वाटलं की 'सोमा' नावाची गोळी. चर्चा बरी रंगली होती. मग एक मुलगा, आयटीतला, हुशार आहे, एरवी मला आवडतोही, म्हणाला, "पण खरं सांगू का, यात वाईट काय आहे? साठीपर्यंत तिशीचं शरीर आणि मग झटकन शेवट, काही दुखणं नाही, खुपणं नाही. मला फॉर्म द्या, आत्ता सही करतो." सगळे हसले. आमच्या वयाची मंडळी तर गुडघे चोळत "खरंय रे बाबा" म्हणाली.

मी गप्प बसले. तिथे तोंड उघडलं असतं तर संयोजकांना पुढच्या वेळी हॉल मिळाला नसता.

तर बाळा, ही पोस्ट तुझ्यासाठी. (तू फ्रेंडलिस्टमध्ये आहेस, मला माहितीये.)

साठीपर्यंत तारुण्याचा तो भाग सातव्या प्रकरणात आहे. लेनिना नावाची तरुणी न्यू मेक्सिकोतल्या आदिवासी वस्तीत जाते आणि जन्मात पहिल्यांदा म्हातारा माणूस बघते. शिडीवरून सावकाश उतरणारा, सुरकुतलेला, बोळकं झालेला. ती घाबरते, विचारते, याला झालंय काय? तिचा सोबती सांगतो, काही नाही, म्हातारा झालाय. आपल्याकडे तसं होऊ देत नाहीत. ग्रंथींचे स्राव तोलून धरतात, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचं प्रमाण तिशीच्या खाली जाऊ देत नाहीत, तरुण रक्त चढवतात. तरुण रक्त! 1932 साली छापलंय हे. आणि 2023 मध्ये ब्रायन जॉन्सन या अमेरिकी कोट्यधीशाने आपल्या 17 वर्षांच्या मुलाचा प्लाझ्मा खरंच चढवून घेतला. मग काही महिन्यांनी स्वतःच जाहीर केलं की फायदा दिसला नाही. ययातीच्या गोष्टीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना बापाने पोराकडे तारुण्य मागणं नवं नाही म्हणा. पण या गोष्टीत कुणालाच लाज वाटत नाही, उलट व्हिडिओ निघतात.

असो. माझा मुद्दा तो नाहीच. माझा मुद्दा लिंडा आहे, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून लिंडाचं नावसुद्धा काढलं नाहीत.

लिंडा ही त्याच चकचकीत जगातली बाई. अपघाताने त्या वस्तीत अडकते, तिथे मुलगा होतो, तिथेच जाड होते, दात पडतात, सुरकुतते. लंडनला परत आणतात तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची आहे, पण तिथल्या लोकांना तिच्याकडे बघवत नाही. मग तिला एका खोलीत ठेवतात. रेडिओ, टीव्ही, अत्तराचा नळ आणि हवा तेवढा सोमा. मुलगा, जॉन, डॉक्टरला विचारतो की इतक्या गोळ्या देऊन तुम्ही तिचं आयुष्य कमी करताय ना? डॉक्टर म्हणतो, एका अर्थी हो. पण दुसऱ्या अर्थी आम्ही ते वाढवतोय. गोळीच्या गुंगीत काळच नसतो, मग आयुष्य अनंतच झालं की!

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण असा डॉक्टर मी पाहिलाय.

माझी आत्या. जुन्या पोस्टमध्ये तिच्याबद्दल लिहिलंय. पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती, पावसात ओढा ओलांडून शाळेत जायची. शेवटी डोक्यातलं सगळं पुसत गेलं. आधी घर पुसलं, मग माणसं. तिच्या मुलाने जमेल तितकी वर्षं घरी सांभाळलं आणि मग पुण्यात एका केअर सेंटरमध्ये ठेवलं. नाव लिहिणार नाही, इनबॉक्समध्येही विचारू नका.

तिथे ती पहाटे उठून हजेरी घ्यायची. पलंगावर ताठ बसून, मांडीवर कोणती तरी फाइल, बहुतेक तिचीच औषधांची, आणि खणखणीत आवाजात एकेक नाव. आनंदा. तानाजी. सुमन. बाळू. मध्ये थांबायची, वाट बघायची, उत्तर आलं नाही की बोटाने फाइलवर फुली मारायची. एकदा मी रात्री सोबतीला होते. बाळूचं नाव आलं आणि मी म्हटलं, "हजर, बाई."

आत्याने चष्म्यावरून बघितलं. "काल का आला नाहीस?"

"म्हस हरवली होती, बाई."

"सापडली का?"

"सापडली."

"मग बस खाली. पाटी काढ."

बापाशप्पथ सांगते, त्या क्षणी ती बाई जितकी जिवंत होती तितकी मी ऑफिसात वर्षानुवर्षं नव्हते.

बाकीच्यांची झोप मोडते म्हणून तक्रारी आल्या. मग रात्रीची अर्धी गोळी सुरू झाली, अर्धीची एक झाली, सकाळीही एक आली. पुढच्या वेळी गेले तर तिथल्या मावशी कौतुकाने म्हणाल्या, "बघा ताई, आजी किती शांत झाल्यात! काही त्रास नाही आता त्यांचा." आत्या खुर्चीत कलंडलेली. समोर टीव्हीवर मालिका, आवाज मोठा. पेजेचा चमचा तोंडात जायचा आणि पेज तशीच हनुवटीवरून टॉवेलवर यायची. मी कानाशी जाऊन म्हटलं, हजर बाई. काही नाही. पुन्हा म्हटलं. मला रडू आलं तर तिथल्या इनचार्जबाई म्हणाल्या, "इथे नका ना रडू, बाकीच्या आज्या डिस्टर्ब होतात."

आता कादंबरीचं चौदावं प्रकरण काढा. पार्क लेनचं मरणाऱ्यांसाठीचं हॉस्पिटल. साठ मजली, पिवळ्या फरशांचं. प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी टीव्ही, सकाळपासून रात्रीपर्यंत चालू. दर पंधरा मिनिटांनी खोलीतला सुगंध बदलतो. लिंडा टेनिसची मॅच बघत हसत पडलीये. मुलगा हात धरून म्हणतो, मला ओळख, मी जॉन. ती कोणत्या तरी जुन्या यारालाच हाक मारते. ती गेल्यावर तो गुडघ्यांवर बसून रडायला लागतो, तेव्हा नर्सला काळजी कसली? शाळेतली पोरं तिथे आणलेली असतात, मरणाची सवय व्हावी म्हणून. हा असा रडला तर त्या पोरांना वाटेल मरण म्हणजे काहीतरी भयंकर असतं! मग ती पोरांना घाईने चॉकलेटचे एक्लेअर वाटते.

हे हक्सलेने तीसच्या दशकात बसून लिहिलं. मी ते पुण्यात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पाहिलं. एक्लेअर तेवढे नव्हते.

केंद्रातल्या डॉक्टरांना मी विचारलं, इतकी गुंगी कशाला? म्हणाले, "त्यांना आता काही कळत नाहीये, मग त्रास तरी कशाला? अशा शांत राहिल्या तर उलट जास्त जगतील." आणि मी घरी येऊन वाचलं, की डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृती पुसत जाणाऱ्या वृद्धांना अँटिसायकॉटिक (मनोविकारांवरच्या) गोळ्या दिल्याने मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, 2005 सालीच दिला होता. आत्याची गोळी त्याच जातीची होती. जास्त जगतील म्हणे!

हो, माहितीये. रात्री अख्ख्या मजल्याला दोन मावश्या, त्यांना तुटपुंजा पगार. काही पेशंट स्वतःला ओरबाडतात, मारतात, तेव्हा गोळी लागतेच. मान्य. आत्याच्या मुलाशी भांडले तर तो म्हणाला, "तू येणारेस का रोज रात्री?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि त्याचंही काही चुकत नव्हतं, च्यायला. त्याने तिच्यासाठी जे केलं ते मी पाहिलंय.

पण मग स्पष्ट बोला ना. गोळी तिच्या तोंडात जात होती आणि आराम आम्हाला पडत होता. शेजारच्या पलंगाला, मावशींना, तिच्या मुलाला. एवढं कबूल करायचं सोडून "त्यांचा त्रास कमी झाला" कशाला म्हणायचं? हजेरी घेताना तिला कुठे त्रास होत होता? ती तर कामावर होती!

आता कुणीतरी अभ्यासू कमेंट करणार, की हक्सले स्वतः काय करत होता बघा. बघितलंय. 22 नोव्हेंबर 1963, घशाचा कॅन्सर, बोलता येत नव्हतं, तेव्हा त्याने कागदावर लिहून बायकोकडे एलएसडी, म्हणजे भास दाखवणारं द्रव्य, मागितलं. शंभर मायक्रोग्रॅम, स्नायूत इंजेक्शन. तिने दिलं, आणि तो त्याच दिवशी गेला. पण चिठ्ठी त्याच्या हातची होती. काय हवं, किती हवं, त्याने सांगितलं. आत्याला कुणी विचारलं? आणि लिंडाने सोमा मागितला तेव्हा तिच्यापुढे दुसरं काय ठेवलं होतं? मुलगा सोडला तर तिला भेटायलाही कुणी येत नव्हतं.

आणि एक उलट उदाहरण, आपल्याच मुंबईतलं. अरुणा शानबाग, केईएम हॉस्पिटलचीच नर्स, हल्ल्यानंतर 1973 पासून 2015 पर्यंत तिथेच अंथरुणाला खिळून होती. तिला जगवावं की नाही यावर सुप्रीम कोर्टापर्यंत वाद झाला, त्यात मला आत्ता पडायचं नाही. पण तिथल्या नर्सेसना ठाऊक होतं की तिला मासे आवडतात. बोलू न शकणाऱ्या बाईची आवड त्यांनी हुडकून काढली होती. त्यासाठी कोणतं तंत्रज्ञान लागलं, सांगा.

म्हणून तरुण मित्रा, तू फॉर्मवर सही कर, तुझा हक्क आहे. मी सनातनी नाही, माझा मोतीबिंदू काढलाय, बीपीची गोळी रोज घेते आणि विज्ञानाला दुवाही देते. आयुष्य वाढवणारं औषध निघालं तर रांगेत मीही असेन, कदाचित तुझ्या पुढेच. फक्त त्या फॉर्मच्या मागच्या पानावर काय आहे ते वाच. साठीनंतर तू कुणाच्या ताब्यात असणार आणि तू पहाटे उठून मोठ्याने कोड वाचायला लागलास तर तुला कोण काय देणार, ते तिथे लिहिलेलं असेल.

कुठल्या केंद्रात रात्री अशा पेशंटसोबत काम केलेलं कुणी यादीत असेल, तर कृपा करून कमेंटमध्ये लिहा. गोळीशिवाय काय चालतं? दिवे, गाणी, हातात काहीतरी काम देणं? मला खरंच हवंय हे, शेजारच्या काकांसाठी. आणि चिरतरुण राहायच्या पावडरींच्या लिंका टाकणाऱ्यांना मी उत्तर न देता ब्लॉक करणार आहे.