आधी गाडी चालवून तरी बघा!

"गाडी म्हटली की थोडी थरथरणारच हो." हे वाक्य यापुढे मला कुणी ऐकवलं, तर त्याला उचलून माझ्या पिकअपमध्ये बसवणार आहे. रिकाम्या गाडीने गोव्यातल्या केरीहून चोर्ला घाट चढवून पलीकडे सपाटीला नेणार, काटा 65 वर धरून ठेवणार आणि विचारणार, सांग बाबा, ही थोडी का?

माझा धंदा भाजीचा. बेळगावहून माल उचलायचा, साखळी, डिचोली करत म्हापशापर्यंत टाकायचा. म्हणजे जाताना गाडीत नुसते रिकामे क्रेट आणि येताना हौदा गच्च. गाडी सेकंडहँड घेतलेली, इंजिन ठणठणीत, कागदपत्रं ठीक. तक्रार एकच. 60 पर्यंत काही नाही. 62-63 ला पायाच्या तळव्यांना मुंग्या यायला लागतात. 65 ला गिअरच्या दांड्याचा गोळा हातात गुणगुणतो आणि रिकामी केबिन चतुर्थीच्या आरतीत वाजणाऱ्या घुमट-वाद्यासारखी घुमते. आरशात मागच्या गाडीची नंबरप्लेट दिसते, पण आकडे वाचता येत नाहीत, सगळे एकमेकांत मिसळलेले. 70 च्या पुढे गेलं की हळूहळू कमी होतं. स्टिअरिंग या सगळ्या काळात शांत. आणि मुख्य गोष्ट, भरलेल्या गाडीला हे काहीच होत नाही.

आता वरचा परिच्छेद परत वाचा. यात गाडीच्या दुखण्याचा अर्धा पत्ता दिलेला आहे की नाही? ठरावीक वेगाला, फक्त रिकामी असताना, स्टिअरिंगला नाही तर फरशीला. हे सगळं मी कागदावर लिहून प्रत्येक गॅरेजात दिलं. एकानेही तो कागद पूर्ण वाचला नाही. "व्हायब्रेशन" हा शब्द दिसला की ह्यांचं ठरलेलं असतं. कुणाकडे बॅलन्सिंगची मशीन असेल तर टायर खराब. कुणाकडे क्लचचा माल पडून असेल तर क्लच खराब. दुखणं गाडीचं नाही, ज्याच्या त्याच्या दुकानाचं.

सुरुवात टायरपासून झाली. बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झालं, पुढचे मागे मागचे पुढे झाले, शेवटी मागच्याला नवे दोन घ्या म्हणाले, तेही घेतले. मुंग्या जिथल्या तिथे. मग मी घरी बसून साधं त्रैराशिक मांडलं. टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास. ताशी 65 म्हणजे सेकंदाला 18 मीटर. म्हणजे टायर सेकंदाला 8 वेळा फिरतो. टायरचा दोष असेल तर सेकंदाला 8 हादरे बसतील, अंग डोलेल, जवळजवळ मोजता येतील असे. पण डिफ्रेंशियलचं, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या गोळ्याचं, प्रमाण साधारण 4 ला 1 असतं, म्हणजे टायरची एक फेरी होते तेव्हा इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या लांब दांड्याच्या, म्हणजे शाफ्टच्या, चार होतात. सेकंदाला 32. त्यात शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचा, म्हणजे क्रॉसचा, दोष असेल तर तो एका फेरीत दोनदा झटका देतो, म्हणजे 64. त्याला हादरा म्हणत नाहीत, ती गुणगुण असते, मुंग्या असतात. माझ्या तळव्यांना जे होतं ते 8 चं नव्हतंच. हे गणित सातवीतला पोर करील. ज्याने आयुष्य टायरच्या धंद्यात काढलं त्याला का सुचू नये? सुचतं हो. पण सुचलं तर टायर खपत नाही.

आणि तो "ट्रायल" नावाचा प्रकार! "थांबा, ट्रायल मारून येतो." गाडी गेटातून बाहेर, पेट्रोल पंपापर्यंत, मध्ये दोन गतिरोधक, एक बस उभी, रस्त्यात आडवी बसलेली गुरं, आणि परत. वेग फार तर 30. उतरून हात पुसत सांगणार, "एकदम ओके आहे." अरे, मी 65 म्हणतोय! म्हापशाच्या बाजारपेठेत 65 ला गाडी चालवणार कुठे? हायवेला या म्हटलं तर "गिऱ्हाईक थांबलंय." मी काय देवदर्शनाला आलोय? पिकअप रिकामी आणली होती मुद्दाम. एका शहाण्याने तर मागे चार पोती सिमेंट टाकून ट्रायल मारली, "गाडी उसळू नये म्हणून". आणि वर मलाच सांगितलं की व्हायब्रेशन गेलं.

मग क्लच. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, वर इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंगं. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी ती वेगळी, आणि मजुरीवर 18 टक्के जीएसटी. हे सगळं करण्याआधी एक फुकटातली परीक्षा आहे. मोकळा सरळ रस्ता बघायचा, 65 ला क्लच दाबून गाडी न्यूट्रलला टाकायची आणि ॲक्सिलरेटर सोडायचा. इंजिनचे फेरे खाली येतात, गाडी वाहत राहते. मुंग्या गेल्या तर दोष इंजिन-क्लचकडे. मुंग्या राहिल्या तर इंजिन आणि क्लच दोघेही सुटले, आरोपी गिअरबॉक्सच्या मागे. तेही नको असेल तर तोच वेग चौथ्यात धरा आणि मग पाचव्यात धरा. इंजिनचे फेरे बदलतात, शाफ्टचे बदलत नाहीत. थरथर तिथेच राहिली तर इंजिनला हात लावू नका. मी दोन्ही करून बघितलं होतं, मुंग्या दोन्ही वेळा तशाच राहिल्या होत्या, आणि हे सांगितलंही. उत्तर काय? "तुम्ही भाजीवाले ना? मग ते आमच्यावर सोडा."

सोडलं तुमच्यावर, आणि जुनी क्लच प्लेट हातात आली तेव्हा तिच्यावर अजून वर्षभराचं अस्तर शिल्लक होतं.

कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपची कथा आणखी वेगळी. एसी, सोफा, कॉफीची मशीन, काचेपलीकडे गाडी. टाय लावलेला ॲडव्हायझर टॅबवर टिचक्या मारत होता. मी कागद दिला. त्याने तो क्लिपबोर्डला लावला आणि जॉबकार्डवर लिहिलं, "कस्टमर कम्प्लेंट: नॉइज". नॉइज! अख्खा कागद थरथरीबद्दल होता, आवाजाची तक्रार नव्हतीच. म्हटलं बदला ते, तर म्हणे सिस्टिममध्ये हाच पर्याय येतो. मग स्कॅनर लावला आणि दुपारी फोन, "सर, कुठलाच एरर कोड नाही." कसा असणार? स्कॅनर सेन्सरचं वाचतो. लोखंडाच्या शाफ्टला कुठे सेन्सर बसवलाय? गाडी धुऊन परत दिली, तेवढं एक काम मात्र छान केलं.

खरा कहर पुढच्या गॅरेजात. याने निदान शाफ्टवर बोट ठेवलं म्हणून मला बरं वाटलं होतं. शाफ्ट उतरवला, क्रॉस बदलले, सेंटर बेअरिंग बदललं, परत चढवला. आणि त्या दिवसापासून गाडी भरलेली असतानाही थरथरायला लागली. पूर्वी येताना तरी सुख होतं, तेही गेलं. परत गेलो तर म्हणे, "नवे पार्ट आहेत, सेट व्हायला वेळ लागतो." क्रॉस काय नवी चप्पल आहे, पायात रुळायला?

यांनी काय केलं होतं ते ऐका. शाफ्टच्या मागच्या तुकड्याला दोन टोकांना दोन क्रॉस असतात. क्रॉस वाकड्या कोनात फिरला की तो एकसारखा फिरवत नाही, एका फेरीत दोनदा पुढे ओढतो, दोनदा मागे राहतो. पलीकडचा क्रॉस बरोबर उलटं करतो आणि हिशेब फिटतो. पण फिटण्यासाठी दोन अटी आहेत. दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, आणि दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे चिमटे, एका रेषेत हवेत. मधल्या सरकत्या जोडाला खाचा असतात. शाफ्ट सुटा करून एक-दोन खाचा इकडेतिकडे बसवला की रेष चुकली. चुकू नये म्हणून शाफ्टवर बाणाच्या खुणा असतात. चिखल पुसला की दिसतात. नसतील तर खोलण्याआधी खडूने किंवा छिन्नीने स्वतः खूण करायची. एक फडकं आणि एक खडू, बस. एवढंही होत नसेल तर गॅरेजाच्या पाटीवर "सर्व प्रकारची कामे" कशाला रंगवता?

या सगळ्यात एकच सरळ माणूस भेटला होता, तो बेळगावात, उद्यमबागेत. मी शाफ्ट बॅलन्सिंगला घेऊन गेलो. त्याने मशीनवर चढवला, फिरवला, आणि पैसे घ्यायच्या आधी म्हणाला, "मालक, शाफ्ट सरळ आहे की तुमचा. वजनाच्या पट्ट्या पण जागेवर हाईत. इथं काय करायचं नाही, गाडीत बघा जावा." धंदा समोर असताना नको म्हणणारा माणूस पाहून मला क्षणभर संशयच आला.

शेवटी गाडी नेली ती साखळीजवळच्या एका जुन्या मेस्ताकडे, म्हणजे मिस्त्रीकडे. खाणी चालू होत्या तेव्हा त्याच्या शेडसमोर टिपरची रांग असायची. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या तोवर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींची 88 लीज रद्द केली, आणि रांगही संपली. त्याची पोरं दुसऱ्या कामाला लागली. सत्तरी-डिचोलीत असे हात किती होते, आणि ते गेले कुठे याचा विचार कुणी केलाय? रोज टनावारी खनिज ओढणाऱ्या गाड्यांचे शाफ्ट ज्यांनी कानाने ओळखले, ते आज घरी बसलेत आणि आमच्या गाड्या यूट्यूब बघून शिकलेल्यांच्या हातात. असो.

मेस्ताने कागद घेतला, चष्मा लावून पूर्ण वाचला. पहिला प्रश्न, "रिकामीच ना? मागे पाटे किती आहेत?" पाटे म्हणजे मागच्या कमानीतल्या, स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या. मग शेजारी बसला आणि थेट हायवेला चल म्हणाला. 65 ला डोळे मिटून दोन्ही तळवे फरशीवर टेकवले. परत आल्यावर खाली शिरला तो एक फडकं घेऊन. बाण पुसला, दोन खाचा चुकलेल्या. मग कमानीकडे बॅटरी मारली आणि मला खाली वाकायला लावलं. कमानीत एक पाटा बाकीच्यांहून जाड, गंजाचा रंग वेगळा, आणि यू-बोल्ट लांब टाकलेले. आधीचा मालक चिरे वाहायचा. जास्त चिरे चढावेत म्हणून त्याने जादा पाटा घातला होता. त्यामुळे रिकाम्या गाडीचं बूड वर उचललेलं, शाफ्ट तिरका उतरतोय. वजन पडलं की बूड खाली येतं, शाफ्ट सरळ होतो, मुंग्या गायब. मेस्ताने नातवाचा मोबाईल मागून घेतला, लेव्हलचं ॲप लावून तो आधी शाफ्टवर टेकवला, मग डिफ्रेंशियलच्या तोंडावर, मग गिअरबॉक्सच्या मागे. मागचा आणि पुढचा कोन जुळत नव्हता, 3 अंशांच्या आसपास फरक. दुपारपर्यंत पाटा काढला, यू-बोल्ट योग्य मापाचे टाकले, शाफ्ट बाणाला बाण लावून चढवला. पुन्हा हायवे. 65, 70, 75. आरशात मागच्या गाडीचा नंबर मी मोठ्याने वाचून दाखवला.

जादा पाटा! गाडीखाली वाकलं की नाकासमोर येणारी गोष्ट. टायर काढणाऱ्याला दिसली नाही, शाफ्ट उतरवणाऱ्याला दिसली नाही, वर्कशॉपच्या लिफ्टवर गाडी डोक्याच्या वर उचललेली असताना कुणाला दिसली नाही. कारण बघायचं कुणालाच नव्हतं, बदलायचं होतं.

मग मी बिलं घेऊन क्लचवाल्याकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोलू. तो शांतपणे म्हणतो, "नुकसान काय झालं तुमचं? नवा माल गाडीतच आहे ना? कधी ना कधी बदलावाच लागला असता." म्हणजे माझा दात दुखला तर तू सगळे काढणार, कारण म्हातारपणी पडणारच आहेत? जुनी प्लेट परत मागितली, तर ती भंगारात गेली. अस्तर शिल्लक असलेली प्लेट भंगारात गेली की दुसऱ्या कुणाच्या गाडीत, ते त्यालाच माहीत.

काल त्या एसीवाल्या वर्कशॉपमधून फोन. गोड आवाजातली मुलगी. "सर, आमच्या सर्व्हिसला 10 पैकी किती गुण द्याल?" मी म्हटलं, आधी ऐकून घ्या, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती ऐकत होती बिचारी. शेवटी हळूच म्हणाली, "सर, 9 च्या खाली दिलं तर आम्हालाच बोलणी बसतात." आता त्या पोरीवर काय ओरडणार? दिले 9. तो "नॉइज"वाला ॲडव्हायझर मात्र सध्या सुट्टीवर आहे, ती कधी संपते त्याची मी चौकशी करून ठेवली आहे.