शेवटचा वापर कधी? एका रागावलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली होती. लगेच लिहायला बसलो असतो तर उत्तराऐवजी भांडण झालं असतं, म्हणून दोन दिवस थांबलो.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एडब्ल्यूएस (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) अकाउंटमधल्या ॲक्सेस की (प्रोग्रॅमला अकाउंटात शिरायला लागणारे गुप्त कोड) शेवटच्या कधी वापरल्या गेल्या ते शोधणारी, आणि 90 दिवसांत वापर नसेल तर की बंद करणारी पायथनची स्क्रिप्ट मी मागच्या लेखात दिली होती. त्यावर तुम्ही लिहिलंत की स्क्रिप्टने सकाळी बनवलेली नवीन की दुपारी बंद केली, 140 पैकी 100च युजर तपासले, आणि वर्षातून एकदा 1 एप्रिलला चालणाऱ्या जॉबची की बंद केल्यामुळे तुमचं दोन तास काम अडलं. 'शेवटचा वापर' ही तारीखच बेभरवशाची आहे, खरं काय ते क्लाउडट्रेलमध्ये (अकाउंटात कुणी काय केलं याची एडब्ल्यूएसची नोंदवही) बघावं, आणि 90 हा आकडा हवेतून काढलेला आहे, असंही तुमचं म्हणणं. शेवटी 'लोकांचं प्रॉडक्शन पाडायचे उद्योग' असा आहेरही आहे.

(इथून पुढे मी 'की'ला किल्ली म्हणतो. 'की बंद केली की कळतं की ती कुणाची होती' असलं वाक्य मीच लिहिलं आणि मलाच तीनदा वाचावं लागलं.)

नवीन किल्लीचा दोष सरळ माझा. किल्ली कधीच वापरलेली नसेल तर एडब्ल्यूएसच्या उत्तरात शेवटच्या वापराची तारीख नसतेच. सर्व्हिस आणि रीजनच्या (एडब्ल्यूएसचा भौगोलिक विभाग) जागी 'एन/ए' येतं आणि तारखेचा रकाना गायब. सरळ वाचायला गेलात तर पायथन 'की एरर' देऊन थांबतो. ते टाळायला मी आळशीपणा केला आणि तारीख नसेल तर 1 जानेवारी 1970 धरली. त्यामुळे सकाळी दहाला जन्मलेल्या किल्लीपुढे माझ्या तक्त्यात 'वीस हजारांहून जास्त दिवस वापर नाही' असं उमटलं आणि स्क्रिप्टने इमानेइतबारे तिचा गळा आवळला. तुमचा स्क्रीनशॉट बघून मलाच हसू आलं, आणि मग आलं नाही.

आता बदल असा केलाय: तारीख नसेल तर किल्ली बनवली त्या दिवसापासून मोजायचं. ही नोंद एडब्ल्यूएसने 22 एप्रिल 2015 पासून ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे त्याआधीची किल्ली असेल तर 'कधीच वापरली नाही' आणि 'त्याआधी वापरली होती' यांत फरक करता येत नाही. पण दहा वर्षं जिला हात लागलेला नाही तिच्याबाबतीत तो फरक करून करायचं काय?

100 युजरांचं कारण साधं आहे. युजरांची यादी मागितली की एका वेळी 100च येतात, पुढचं पान वेगळं मागावं लागतं. माझ्या अकाउंटात 23 युजर, म्हणून मला कधी टोचलं नाही. आता सगळी पानं ओळीने मागवणारा पेजिनेटर घातलाय.

आता जिथे माझं तुमच्याशी पटत नाही तिथे येतो. 'आत्ता किल्ली वापरली तरी तारीख जुनीच दिसते' हे तुम्ही क्रेडेन्शियल रिपोर्ट (सगळ्या युजरांच्या पासवर्ड-किल्ल्यांचा एडब्ल्यूएसने काढलेला तक्ता) बघून लिहिलंय. तो रिपोर्ट चार तासांतून एकदाच नव्याने बनतो. मध्ये कितीही वेळा मागितलात तरी आधीचाच हातात पडतो. शिवाय 15 मिनिटांत किल्ली अनेकदा वापरली तर त्यात पहिलीच वेळ नोंदवतात. माझी स्क्रिप्ट रिपोर्टला हात लावत नाही, प्रत्येक किल्लीबद्दल वेगळा प्रश्न विचारते. मात्र एका बाबतीत रिपोर्ट सरस आहे: रूट अकाउंटची (सगळे अधिकार असलेलं मूळ खातं) ओळ त्यात असते, आणि युजरांच्या यादीत रूट येतच नाही. तेवढ्यासाठी तरी तो काढत जा.

क्लाउडट्रेलचं म्हणाल, तर तिथे आधी मुद्दाम काही सेट केलेलं नसेल तर इतिहास 90 दिवसांचाच मिळतो. म्हणजे तुमचा 1 एप्रिलचा जॉब ऑगस्टमध्ये तिथेही सापडला नसता. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एस3मध्ये (एडब्ल्यूएसची फाइल साठवायची सर्व्हिस) फाइल टाकणं, फाइल वाचणं या 'डेटा इव्हेंट'ची नोंद मुद्दाम चालू केल्याशिवाय होत नाही. रोज रात्री बॅकअप चढवणारी आणि दुसरं काहीही न करणारी किल्ली क्लाउडट्रेलच्या इतिहासात मेल्यासारखी दिसेल. माझ्या स्क्रिप्टच्या तक्त्यात तिच्यापुढे कालची तारीख, 'एस3' आणि 'एपी-साउथ-1' (म्हणजे मुंबई रीजन) दिसेल. कुठली बंद करायची हे मला क्लाउडट्रेल बघून ठरवायला सांगितलं, तर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची.

पण या तारखेला मी डोक्यावर घेतोय असंही नाही, उलट तिने मला चांगलंच फसवलंय. आधीच्या एका नोकरीत अशाच तक्त्यात एक किल्ली रोज वापरात दिसायची. वेळ रात्री नऊच्या आसपास, सर्व्हिस एस3, रीजन मुंबई. आम्हाला वाटलं, कुणीतरी घरी जाऊन जेवणानंतर काम करतंय, कौतुक आहे. आठवडाभराने कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की ती वेळ यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ आहे. रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे अडीच. क्रॉन होता, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा जॉब. शोधत गेलो तर स्टोअररूममध्ये, प्रिंटरच्या खोक्यांमागे, एक जुना डेस्कटॉप गुरगुरत होता. तो लावणारा कंत्राटी माणूस दोन वर्षांपूर्वी सोडून गेला होता आणि त्याची किल्ली त्या मशीनवरच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उघडी पडून होती. 90 काय, 9 दिवसांचा नियम लावला असता तरी ती वाचली असती, आणि खरी धोक्याची तीच होती.

तुमची वर्षातून एकदा लागणारी किल्ली गरजेची, पण मेलेली दिसत होती. आमची रोजची किल्ली बेवारस, पण ठणठणीत दिसत होती. किल्ली कधी वापरली हे तारीख सांगते. कुणी आणि कशासाठी हे माणसाला विचारावं लागतं, आणि माझा लेख या ठिकाणी अपुरा होता. स्क्रिप्टने आधी फक्त यादी काढायला हवी होती. मी यादी आणि कुलूप एकाच फंक्शनमध्ये घातलं.

म्हणून आता कुलूप वेगळं केलंय. स्क्रिप्ट यादी बनवते आणि थांबते. युजरवर 'मालक' आणि 'वापर' असे दोन टॅग असतील तर ते यादीत येतात. 'वापर'मध्ये 'वार्षिक' लिहिलं असेल तर 90ऐवजी 400 दिवस धरते. (365 नाही, कारण 1 एप्रिलला रविवार आला की तुमचा जॉब सोमवारी चालतो, असं तुम्हीच लिहिलंय.) टॅग नसलेल्या किल्ल्या सगळ्यात वर. बंद करायची तर किल्लीचा नंबर हाताने द्यावा लागतो.

90 मात्र हवेतला नाही. एडब्ल्यूएस कॉन्फिगमध्ये (अकाउंट नियमात आहे का ते तपासणारी सर्व्हिस) न वापरलेल्या क्रेडेन्शियलचा जो तयार नियम आहे त्यात मुळात 90च असतात, आणि सीआयएस या सुरक्षा-संस्थेच्या बेंचमार्कमध्ये पूर्वी 90 होते ते आता 45 आहेत. ऑडिटवाले तुमच्याकडे आले तर माझ्याहून कडक निघतील.

आणि एक गोष्ट माझ्या बाजूने. स्क्रिप्ट किल्ली 'इनॲक्टिव्ह' करते, डिलीट करत नाही. इनॲक्टिव्ह किल्ली पुन्हा चालू होते, डिलीट केलेली परत येत नाही. तुमचे दोन तास चालू करायची परवानगी कुणाकडे आहे ते शोधण्यात गेले, असं तुम्ही लिहिलंय. तो माणूस आधीच ठरवून ठेवा असं मी लेखात लिहायला हवं होतं. आता पहिल्या परिच्छेदात आहे. फक्त बंद किल्ल्या साठवून ठेवू नका: एका युजरला दोनच किल्ल्या मिळतात आणि बंद असलेलीही त्यात मोजतात, त्यामुळे नवीन काढायच्या दिवशी अडकाल.

शेवटी तुम्हाला एक विचारायचंय. तो 1 एप्रिलचा जॉब कुठल्या मशीनवर चालतो? ईसी2वर (एडब्ल्यूएसचं भाड्याचं मशीन) असेल तर त्याला रोल (मशीनलाच दिलेली परवानगी) द्या, मग किल्ली लागतच नाही. ऑफिसातल्याच मशीनवर असेल, तर एकदा प्रिंटरच्या खोक्यांमागे बघून घ्या आणि काय सापडलं ते इथे कळवा.